सोळा शिलिंगांचा पौंड

शुक्रवार, २ फेब्रुवारी २००१
सुट्टीचा दिवस वाया. पर्णिकाला शाळेतून प्रोजेक्ट: इंग्लंडचं जुनं चलन आणि त्याची आजची किंमत. इंग्रजांनी हे चलन स्वतःच तीस वर्षांपूर्वी मोडीत काढलं. आता शारजातल्या मराठी मुलीने ते उकरून काढायचं. यासाठी शाळेला वर्षाला चौदा हजार दिरहम देतो. म्हणजे पावणेदोन लाख रुपये.

सविता म्हणाली, तिचं तिला करू द्या. का? बाप एकोणीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. पूर्वी पर्णिका सगळं मलाच विचारायची. विमान आकाशात ब्रेक कसा लावतं, इथपासून. हल्ली कमी विचारते. अभ्यास वाढलाय. हे प्रोजेक्ट मीच करून देणार, म्हणजे तिला आठवेल बाप काय चीज आहे.

संकल्प: रागवायचं नाही. डॉक्टरने बीपीसाठी बजावलंय.

शनिवार, ३ फेब्रु. ऑफिस.
पद्धत पाच मिनिटांत कळली. आपल्याकडे बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. त्यांच्याकडे बारा पेन्सांचा शिलिंग. म्हणजे सोळा शिलिंगांचा पौंड. साहेब एकच, तो दोन हिशोब कशाला ठेवेल?

ज्युनियर सिद्धार्थने न विचारता इंटरनेट उघडलं. म्हणाला, सर, वीस आहेत. इंटरनेटवर काय, कुणीही उठतो आणि लिहितो. त्याला पेंडिंग इन्व्हॉइसेस दिली.

सोमवार, ५ फेब्रु.
रोल्लाच्या बाजारात जाऊन चार्ट पेपर, स्टेन्सिल, रंगीत पेनं, सोनेरी पट्टी आणली. ऐंशी दिरहम. हजार रुपये. सविता म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बघ, म्हटलं, तूही सोळावरच आलीस.

मंगळवार, ६ फेब्रु.
आजची किंमत काढायला सोन्याइतकं खरं माप नाही. सोनार मधूशेठना एका पौंडाच्या जुन्या सोन्याच्या नाण्याचं वजन विचारलं, आजचा भाव लावला, भागिले सोळा. चार्टवर पहिली वस्तू: डझनभर अंडी, दीड शिलिंग. आजचे एकवीस दिरहम. दोनशे पासष्ट रुपये! इथे खाली पाच दिरहमला मिळतात. दोनदा तपासलं, बरोबर आहे. ज्यांना घरी ऑम्लेट परवडत नव्हतं ते आपल्याकडे राज्य करायला आले, यात नवल काय. चोर लेकाचे. दिवसभर डोकं तापलेलं.

शुक्रवार, ९ फेब्रु.
चार्ट पूर्ण. सुरेख झालाय. पर्णिका बघून म्हणाली, बाबा, इट्स ट्वेंटी. पुस्तक दाखवलं. मी शांतपणे समजावलं की मुळात सोळाच असणार, पुढे महागाईने वीस झाले. ती म्हणाली, बाबा, प्लीज, मनी डझन्ट वर्क लाइक दॅट. तेव्हा आवाज थोडा चढला. पैसा कसा चालतो हे मला शिकवते? शेजारचे रत्नागिरीचे रफिकभाई, तिच्या वर्गातल्या सुमैय्याचे वडील, बेल वाजवून विचारून गेले, सगळं ठीक आहे ना. या बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ बांधल्याबद्दल मालकाला झापायला हवं.

शेवटी पर्णिका म्हणाली, ओके, बाबा. पटलं तिला. चार्ट घेऊन खोलीत गेली. सविता जेवताना एक शब्द बोलली नाही. तिलाही पटलं असावं.

संकल्प उद्यापासून. आज अपवाद.

रविवार, ११ फेब्रु.
ऑफिसातल्या इंग्रज फिलिप साहेबांना सहज चार्टबद्दल सांगितलं. हसले. म्हणाले, वीस, ती नाणी बदलली तेव्हा मी शाळेत होतो. शाळकरी पोराच्या हातात पौंड कोण देतो? आणि असा माणूस फायनान्स मॅनेजर. प्रमोशन मला का मिळत नाही, ते आज कळलं.

बुधवार, १४ फेब्रु.
हाफ डे टाकून शाळेत प्रदर्शनाला. टाय लावला. तिच्या टीचर मिसेस हॉलोवेने मार्क कापले असतील तर काय बोलायचं, ते टॅक्सीत पाठ केलं.

भिंतीवर पर्णिकाचा चार्ट होता. माझा नव्हता. साधा पेपर, तिचं अक्षर. वीस शिलिंग. अंड्यांपुढे आजच्या दोन वेगवेगळ्या किमती, एक सोन्यावरून, एक महागाईवरून, आणि त्या वेगळ्या का, याच्या चार ओळी. शेजारी एक रकाना आपल्या आणे-पैंचा. खाली लिहिलं होतं, माय फादर टॉट मी अॅनाज.

मिसेस हॉलोवे म्हणाली, तो रकाना इतर कुणालाच सुचला नाही, तुम्ही खूप मदत केलेली दिसते. मी हो म्हणालो. पाठ केलेलं सगळं टायखाली तसंच राहिलं. पर्णिका बुटांकडे बघत होती.

म्हणजे आयडिया माझीच. आकडे किरकोळ बदलले, इतकंच.

गुरुवार, १५ फेब्रु.
माझा चार्ट सापडला. उलटा करून तिने अरेबिकच्या पुस्तकाला कव्हर घातलंय. सोनेरी पट्टी आतल्या बाजूला. कागद वाया घालवू नये, हे मीच शिकवलंय. तरी संताप आला. सविताला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, पोरगी दोन दिवस तुमच्या नकळत दुसरा चार्ट करत बसली होती, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल?

बीपी मोजलं नाही.

मंगळवार, २० फेब्रु.
लिफ्टमध्ये रफिकभाई भेटले. म्हणाले, पर्णिका आणि सुमैय्याचं रोमन लोकांवरचं प्रोजेक्ट झकास चाललंय, दोघी रोज आमच्याच टेबलावर पसरून बसतात. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे.

घरी येऊन पर्णिकाला विचारलं, सध्या काही प्रोजेक्ट आहे का, मी मोकळा आहे. ती म्हणाली, नो, बाबा, या टर्मला नाहीत. माझ्याकडे न बघता.

राग यायला हवा होता. रफिकभाई, शाळा, फी, सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, ओके.

बारा पेन्सांचा एक शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड. इथे लिहून ठेवतो. कुणी विचारलंच तर.