कादंबरीतून वगळलेल्या बायका

अण्णा, तुम्ही मराठीत आणलेली ती जुनी अमेरिकन कादंबरी परवा माझ्या नातीने वाचली आणि विचारलं, "आजी, या गावात बायकाच नव्हत्या का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

होत्या ना. गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत तुम्ही शाळेतून आलात की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्या दिवसाचं भाषांतर वाचायचात आणि आई पोळ्या लाटत ऐकायची. पुरुष जहाजावर गेलेले. मागे बंदरावर खानावळ चालवणारी विधवा, जी कप्तानाला तोंडावर जाब विचारते, माझा नवरा कुठे बुडवलास म्हणून. आईचा तिच्यावर फार जीव. "खानावळवाली पुढे काय करते हो?" असं रोज विचारायची. मग प्रकाशकाने पुस्तक निम्मं करायला सांगितलं, आणि तुम्ही बंदरावरची प्रकरणंच काढलीत. जहाज काही त्या बायकांवाचून अडत नाही, असं तुमचं म्हणणं. आईने तव्यावरची पोळी उलटली.

त्याच सुमारास ती लालबागच्या मावशीबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला फाउंटनला गेली आणि पकडली गेली. तुमच्या शाळेचे चालक सरकारच्या बाजूचे, नोकरीची भीती होती, हे मला आज कळतं. पण नुसती भीती नव्हती, अण्णा. बायको तुरुंगात आणि आपण घरी, याची तुम्हाला लाज वाटत होती. तुम्ही मला जवळ घेऊन सांगितलंत, कोणी विचारलं तर म्हणायचं, आई सावंतवाडीला माहेरी गेलीय. मी नळावर सांगितलं, शाळेत सांगितलं. आजी आजारी आहे, हे तर माझं मीच जोडलं.

आई परत येते तेव्हा तिचं मनगट सुजलेलं आहे. शेजारच्या काकू दारातच तिला आजीची तब्येत विचारतात. आई तुमच्याकडे बघते. तुम्ही वर्तमानपत्र उघडता. मग ती माझ्याकडे बघते, आणि मी खाली.

"बरी आहे आता," ती म्हणते आणि तो हात पदराखाली घेते.

पुस्तक छापून आलं, पण तिने ते कधी उघडलं नाही. एका रविवारी तुम्ही इंग्रजी प्रत घेऊन पुन्हा उंबऱ्याशी बसलात. खानावळवालीचं राहिलेलं वाचून दाखवतो, म्हणालात. तुमचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

"राहू द्या," आई म्हणाली. "तिचं काय झालं ते कळलं मला."

त्यानंतर तुम्ही भाषांतर म्हणून केलं नाहीत.

नातीला हे सगळं सांगायचं आणि दोष तुमच्या पदरी घालून मोकळं व्हायचं, असं ठरवून लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता आई घरात नव्हती ते दिवसच आठवत राहिले. तुम्ही माझी वेणी घालायचात, ती वाकडी व्हायची. पिठलं कच्चं राहायचं, आणि आपण दोघं हसत खायचो. जहाजाची गोष्ट तुम्ही फक्त मला सांगायचात. आई कुठे आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी ती इतक्यात येऊ नये असं वाटायचं.

हे खरं तर आईला लिहायला हवं. तिला लिहायचा धीर होत नाही.