स्लावाला बोलावत नाहीत

वाल्येवो,
२२ ऑक्टोबर २००४

लाडक्या वुले,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सुखरूप आहोत. यंदा आलुबुखारं भरपूर लागली, त्यांची दारू, राकिया, गाळून झाली, झागोर्काच्या गाईला कालवड झाली. व्हिएन्नात थंडी पडली असेल, उघड्या खिडकीपाशी बसत जाऊ नकोस.

मंगळवारी तुझा फोन वाजला, तू दोनदा "हॅलो" म्हणालास आणि पलीकडून कुणी बोललं नाही. ती मी होते. शेजारी झागोर्काकडे जाऊन लावला होता. तुझा आवाज आला आणि ओठावर आलेला शब्द गिळून मी फोन ठेवून दिला. झागोर्का म्हणाली, "अगं मिलुंका, नुसता श्वासच ऐकवायचा तर परदेश कशाला? मी आहे की इथं!" मला हसूसुद्धा आलं नाही.

रविवारी तू फोन करतोस तेव्हा बाबा माझ्या समोरच बसलेले असतात. तू विचारतोस, बाबा कसे आहेत? मी सांगते, मजेत, लाकडं फोडताहेत. वुले, ते लाकडं फोडत नाहीत. ऑगस्टमध्ये अंगणात कोसळले. बोलणं सुधारलं, चालतातही, पण उजवा हात लोंबतोय. डॉक्टर म्हणतात, मेंदूत गुठळी झाली. बाबा म्हणतात, "कसली गुठळी? हिनं समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या, मला वारा बाधला!" झागोर्कालाही डॉक्टरपेक्षा हेच पटतं. तुला कळवणार नाही, अशी संताच्या तसबिरीसमोर माझ्याकडून शपथ घेतली होती त्यांनी. आज मी ती मोडली.

कारण आपला स्लावा, आपल्या घराण्याच्या संताचा सण, जवळ आला. संत दिमित्रीची मेणबत्ती घरच्या धन्यानं लावायची, नाहीतर त्याच्या मुलानं. बाबा रोज कोठारात जाऊन डाव्या हातानं काडी ओढून बघतात. काडी मोडते, नाहीतर विझते. परवा मी दाराआडून पाहत होते, तर न वळताच म्हणाले, "माझा बाप शाळेचा मुख्याध्यापक, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. नोकरी जायची भीती होती, तरी पडदे ओढून त्यानं मेणबत्ती लावली. त्या राज्यात विझली नाही, ती आता माझ्या हातून विझणार. गाव म्हणेल, बुडालं हे घर."

मी म्हटलं, "वुलेला फोन करू का?"

खवळलेच. "स्लावाला कधी कुणाला बोलावतात? शेजाऱ्याला आपण बोलावत नाही, ज्याला आठवण असते तो येतो. आणि पोटच्या पोराला आमंत्रण धाडू? मग तो परक्याहून परका झाला!"

घर विकून तिकडे या, असं तू म्हणालास आणि तुमचं बिनसलं. त्यानंतर तू स्लावाला आला नाहीस. त्यावर ते अवाक्षर काढत नाहीत, पण दर स्लावाला पाहुणे गेल्यावरसुद्धा मला फाटकाची कडी लावू देत नाहीत.

म्हणून मीही बोलावत नाहीये हं. रीत मलाही कळते. नुसतं कळवतेय, की मला फार भीती वाटते. त्या दिवशी सगळ्यांसमोर काडी पेटली नाही, तर हा माणूस पुढचा हिवाळा बघणार नाही.

एवढं लिहीपर्यंत ते आत आले. "कुणाला लिहितेस?" माझ्याच्यानं खोटं बोलवेना. वाटलं, आता कागद फाडणार. पण ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पेन दे. आणि कागद धरून ठेव, सरकतो तो."

माझ्या सहीखालचं वाकडंतिकडं अक्षर त्यांचं आहे. डाव्या हाताचं.

तुझीच,
आई

वुकाशिन,
बोलावत नाही. इथल्या काडेपेट्या हल्ली दमट निघतात. येताना तिकडची घेऊन ये.
बाबा