पिलाची पाठराखीण

आत्याबाई,

तुमच्या पणतीनं परवा पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचं पिल्लू आणलं. जातिवंत आहे. त्याच्या आईबापांचे फोटो तिनं मला फोनवर दाखवले आणि पिल्लू देणाऱ्या बाईंचे नियमही वाचून दाखवले. कधी खायला घालायचं, कुठं झोपवायचं, रडलं तर जवळ घ्यायचं नाही. मग म्हणाली, "आजी, तुझ्या वेळी असलं काही होतं का गं?" मी म्हटलं, आमच्या वेळी सगळे नियम तुझ्या पणजीचे असायचे. ती हसली आणि तिनं फोन ठेवला, पण तुम्ही काही माझ्या डोक्यातून हलेनात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती खोड गेली नाही तुमची. एकदा येऊन बसलात की चहा झाल्याशिवाय उठायचं नाव नाही. म्हणून लिहायला बसले.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. विहिरीला पाणी होतं, मोसंबीला फळ चांगलं धरलं होतं आणि सकाळी बघावं तर बांधाकडची झाडं हलकी झालेली असायची. कुत्री होती आपल्याकडं, पण ती सगळ्या गावाची. चोर आला तरी शेपूट हलवायची, कारण चोरही ओळखीचाच. मामंजी गेल्यापासून मळा तुम्हीच बघायचात. तुम्ही एक दिवस ओट्यावर बसून निकाल दिलात, "हितली कुत्री काय कामाची? त्यांची समद्या गावाशी सोयरीक. ज्याला हितं कुनी वळखत न्हाई आसं कुत्रं आना." तुमच्या लेकाला कारखान्यावर कुणीतरी सांगितलं होतं, की नगरला कॅम्पात एक रिटायर कॅप्टन राहतात, ते अल्सेशियन पाळतात आणि पिल्लं देतात, मात्र माणूस पारखून देतात. "त्यांनी आमाला पारखावं, आमी त्यास्नी पारखू," तुम्ही म्हणालात, आणि आपण तिघं एसटीनं निघालो. मला कशाला नेताय हे मी विचारलं नाही. लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. चल म्हटलं की चलायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या बंगल्याच्या व्हरांड्यात तुम्ही काष्टीच्या बाजारात बैल पारखावा तशी पिल्लं पारखताय, हे मला आजही लख्ख दिसतं. ओठ वर करून दात बघताय, शेपटीचं मूळ दाबताय, पाठीवर भोवरा कुठं आहे ते चाचपताय. कॅप्टनसाहेब मिशीला हात लावून अभिमानानं सांगताहेत, "बाई, याचा आजा विलायतेहून आलाय." तुम्ही मान वर न करता म्हणताय, "आज्याचं ऱ्हाऊ द्या, ह्येच्या पायात जोर हाय का ते बगते." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. बांधून ठेवणार का, सावली आहे का, खायला काय घालणार, आणि सगळं बघणार कोण. "ही बगंल, माजी सून," तुम्ही पिल्लावरची नजर न काढता सांगितलंत. तेव्हा मला कळलं मला का आणलंय.

पिल्लू ठरलं. चहा आला. कॅप्टनसाहेब बजावू लागले, "सुरुवातीला रडेल. आई-भावंडं सोडून चाललाय. पण कोणी लक्ष द्यायचं नाही, आपोआप गप्प बसेल." तुम्ही बशी खाली ठेवलीत.

"येकटंच येनार का ते?"

"एकटंच. का?"

"आन् पाठराखीन?"

कॅप्टनसाहेबांनी तुमच्या लेकाकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं, मी भिंतीकडं. शेवटी यांनीच मान खाली घालून सांगितलं, की नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिला करमावं म्हणून माहेरची एखादी बाई सोबत येते, चार-पाच दिवस राहून परत जाते, तिला पाठराखीण म्हणतात. कॅप्टनसाहेब खुर्चीत इतके हसले की चहा त्यांच्या पँटवर सांडला. "अहो बाई, कुत्र्याचं पिल्लू आहे ते."

"मंग? लेकरूच हाय का न्हाई? आयपासनं तोडून न्यायचं, आन् संगं कुनी नको?"

तुम्ही हसत नव्हता, त्यामुळं हळूहळू त्यांचंही हसणं थांबलं. आतून त्यांच्या बाईसाहेब आल्या आणि म्हणाल्या, "मग आजीला न्या की. दिवसभर नुसती लोळत असते." आजी म्हणजे पिलाच्या आईची आई. तोंडावर पांढरे केस आलेली, एक कान ताठ आणि एक पडलेला अशी थोराड कुत्री तुळशीजवळ झोपली होती. तुम्ही तिला खालून वरून न्याहाळलंत आणि म्हणालात, "जानती दिसती. चालंल."

माझ्या अंगाचा तिथंच तिळपापड झाला, आत्याबाई. माझ्या लग्नात माझी मावशी पाठराखीण म्हणून येणार होती. आई नव्हतीच मला, ती लहानपणीच गेली. मावशी वऱ्हाडाच्या गाडीत चढलीसुद्धा होती. मग तिला कळलं की मानाचं लुगडं तिला बिनकाठाचं आणि चुलतीला काठाचं दिलंय. झालं, रुसली आणि उतरली. कुणीतरी म्हणालं, दुसरी कुणी बघा. तेव्हा तुम्ही गाडीशी उभं राहून म्हणालात, "ऱ्हाऊ द्या की. आमच्या घरात काय वाघ हायेत?" आणि मी संगमनेरहून तुमच्या दारात एकटी येऊन उतरले. त्यानंतर तिकडून ना बोलावणं आलं ना माणूस. वडील थकलेले, भाऊ आपल्या संसारात. आता त्याच तुम्ही कॅम्पातल्या बंगल्यात बसून कुत्र्याच्या पिलासाठी पाठराखीण मागत होतात. या घरात आपली किंमत पिलाच्या वर की खाली, एवढं एकच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी पुटपुटले, "कुत्र्यालासुदिक मिळती." तुम्ही ऐकलं नाहीत असं मला वाटलं.

कॅप्टनसाहेबांनी त्यांच्या जुन्या जीपमधून आपल्याला सोडलं. तुम्ही पुढं, पिल्लू तुमच्या ओच्यात. मी मागं, आणि नेवासा फाटा येईस्तोवर त्या म्हातारीचं जडशीळ डोकं माझ्या मांडीवर. दारात जीप थांबली तर तुम्ही म्हणालात, "उतरू नगा. आदी भाकरतुकडा ओवाळ गं." मी भाकरतुकडा आणला, पिलावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. पाठराखीण टुणकन उतरली आणि तो खाऊन टाकला. पिलाची दृष्ट तिच्या पोटात गेली. बघायला जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "बगा, पाठराखीन आशी आसावी. पोरीवरचं समदं आपल्यावर घेती."

पिल्लू काही रडलं नाही. चुलीपुढं तुमच्या गोधडीवर चढलं, तिथंच मुतलं आणि तिथंच झोपलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला कडेवर घेऊन घरोघर दाखवायला नेलंत, नव्या नवरीला नेतात तसं. ज्यानं त्यानं त्याच्या तोंडात काहीतरी घातलं, कुणी गूळ, कुणी शेंगदाणे, कुणी भाकरीचा पापुद्रा. आठवड्यात सगळं गाव त्याच्या ओळखीचं झालं. ज्यांना तो पुढं अडवणार होता त्यांच्याही घरी तुम्हीच त्याला कौतुकानं घेऊन गेला होतात. यांनी एकदा तसं सुचवून पाहिलं, तर म्हणालात, "मंग काय लेकराला कोंडून ठिवू?" मोसंबी पुढंही हलकी होत राहिली. फक्त आता चोर आले की अल्सेशियन शेपूट हलवायचा.

पाठराखणीला मात्र काही काम उरलं नाही. आणि तुमचा तिला मान केवढा. पाहुणीला कोरडी भाकरी कशी घालायची, म्हणून तुम्ही मला पुरण घालायला लावलंत. कॅप्टनसाहेबांनी गोड देऊ नका म्हणून दोनदा बजावलं होतं. तुम्ही म्हणालात, "त्यांच्यात नसंल रीत." तिला तुम्ही विहीणबाई म्हणायला लागलात. आणि विहीणबाई दिवसभर माझ्या मागं. मी गोठ्यात गेले की गोठ्यात, विहिरीवर गेले की विहिरीवर, चुलीपाशी बसले की उंबऱ्यात. मीही बोलायला लागले. तुमच्या चुगल्याच म्हणा ना. तुम्ही गुळाची ढेप कुठं लपवता, माझ्या भाकरीला हिंदुस्थानाचा नकाशा म्हणता, संगमनेरच्या पोरी नाजूक म्हणून शेजारणीपाशी हसता, हे सगळं मी तिला शेण काढता काढता सांगितलं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मोठा श्वास सोडायची. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच इतकं बोलले असेन.

पाच दिवस झाल्यावर कॅप्टनसाहेबांचा निरोप आला, न्यायला येतो. तुम्ही उलट निरोप धाडलात, "आमच्यात सोळा दिस ऱ्हाती." असली रीत पंचक्रोशीत कुणाची नव्हती. माझी मोठी नणंद तीन दिवसांत पाठराखीण परत पाठवून मोकळी झाली होती. पण तुम्ही ठणकावून सांगितलंत आणि मिलिटरीनं माघार घेतली.

शेवटी ते आले. त्यांनी शीळ घातली. विहीणबाई पुरणानं एवढ्या जाड झाल्या होत्या की उठायला वेळ लागला, आणि उठल्या त्या माझ्या पायाशी येऊन बसल्या. पिल्लू तुमच्या मांडीवर घोरत होतं. साहेब म्हणाले, "काय बाई, रडला का?"

"न्हाई वो. येकदाबी न्हाई."

"मग पाठराखणीचा उपयोग काय झाला?"

मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होते. तुम्हाला कुंकू लावायची पंचाईत, म्हणून ते काम माझ्याकडं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंच नाहीत, साहेबांशीच बोलल्यासारखं बोललात. "साहेब, माजी सून आली तवा तिच्यासंगं कुनीच आलं न्हवतं. मीच म्हनले, ऱ्हाऊ द्या, आमच्या घरात काय वाघ हायेत. मंग पोर तोंड धुते म्हनून मोरीत जायाची आन् रडायची. पान्याचा आवाज करून रडायची, पर मला ऐकाया यायचं. जाऊन काय सांगू तिला? सांगायची रीत म्या शिकलेच न्हाई. म्हनून मागून घेतली ही. आता कुनासाठी मागितली ते माजं मला म्हाईत."

माझ्या हातातलं ताट कललं आणि कुंकू विहीणबाईंच्या पाठीवर सांडलं. मग मी रडले. पदर तोंडात न कोंबता, गावाला ऐकू जाईल असं. कॅप्टनसाहेब टोपी काढून उभेच राहिले, लढाईत असं काही त्यांच्यापुढं आलं नसावं. तुम्ही म्हणालात, "रडू द्या तिला. लग्नातलं ऱ्हायलं हुतं." विहीणबाईंच्या गळ्यात तुम्ही खण बांधलात. साहेब गडबडून म्हणाले, "सूनबाई, हिला भेटायला या ना एकदा. दिवाळीला या." झालं, तुम्ही शब्द तिथंच धरलात, "आसं न्हाई. दिवाळीला न्यायचं तर मुराळी धाडा. रीतीनं."

आणि दिवाळीला ते आले, आत्याबाई. इस्त्रीचे कपडे घालून, जीप पुसून, हातात करंज्यांचा डबा घेऊन, एक रिटायर कॅप्टन तुमच्या सुनेला माहेरी न्यायला आलेला मुराळी म्हणून आपल्या ओट्यावर बसला आणि तुम्ही त्याला माहेरच्या माणसाला बसवून ठेवतात तसं तासभर बसवून ठेवलंत. बाईसाहेबांनी माझं माहेरपण केलं. डोक्याला तेल घातलं, कशाला हात लावू दिला नाही.

परत आले तर तुम्ही वेशीपर्यंत आला होतात. पहिलं विचारलंत, "वळखलं का विहीनबाईनं?" मी म्हटलं, जीप थांबायच्या आत धावत आली, दोन्ही पाय खांद्यावर टाकले, सोडेचना. तुमचं तोंड एवढं फुललं की तुम्ही ते बाजारात, कीर्तनात, विहिरीवर, वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत राहिलात. जायच्या आधी दवाखान्यात नर्सलाही सांगितलंत.

तिनं मला ओळखलं नव्हतं. फाटकाशी गुरगुरली, बाईसाहेबांनी गळ्यातला पट्टा धरला म्हणून मी आत गेले. तिथं होते तेवढे दिवस ती दुसऱ्या खोलीत होती. मला वाईट वाटेल म्हणून बाईसाहेब कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या, पण मला काहीच वाटलं नाही. मला तुमची आठवण येत होती. चार दिवस राहायला गेलेली मी दोन दिवसांत परत आले ती त्यासाठी. तुम्हाला सांगितलं, साहेबांना अचानक काम निघालं म्हणून.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच ओट्यावर बसून वाचून दाखवायची. तुम्ही असता तर हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि कुत्रीनं ओळखलं नाही ते सांगितलं असतं हसत हसत. तुमची आठवण येत होती, तेवढं मात्र गाळलं असतं.