घरमालक ओरडून का बोलत होता?

बुधवार, दिवेलागण

आज बँकेसाठी एका घराचं मूल्यांकन करायला गेलो. गल्ली एकदम शांत, म्हणून 'परिसर शांत' असं लिहूनही टाकलं. पण घरमालक एवढा ओरडून का बोलत होता? शेवटी विचारलंच.

"भिंतीपलीकडं यंत्रमाग हायत की साहेब! आज सुट्टी हाय त्यांची," हेही ओरडूनच.

'शांत' खोडलं. माग चालू असताना पुन्हा येतो म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटलं. पण घेणाऱ्याला तिथं रोज झोपायचंय, त्याचं काय?

घरी येऊन बायकोला हेच सांगत होतो, तर ती म्हणाली, "अहो, ओरडताय कशाला? समोरच बसलेय की मी."

आमच्या खिडकीखालून हायवे जातो.