सातव्या राशीची छाप

कोपरी, ता. २ मार्च १८८७

ठाण्यास सुखरूप पोचलो. मिठागरावरची कारकुनी एकदाची मिळाली! मिठागराचे मालक गोपीनाथ यांनी आपल्या ओटीलगतची खोली राहायला दिली आहे. काम सोपे: संध्याकाळी मिठाच्या प्रत्येक राशीवर लाकडी छाप उठवायची आणि सकाळी ती शाबूत आहे का पाहायचे. छाप मोडली म्हणजे चोरी. मिठागरावर राबणाऱ्या गोदाने सुकटीची चटणी दिली. डोळ्यांतून पाणी आले, तरी पुन्हा मागून घेतली.

ता. ५

माझ्या आधीचे कारकून सहदेवराव महिन्यापूर्वी नाहीसे झाले. खाडीकाठी नुसते जोडे सापडले. पाय घसरला, असे सगळे म्हणतात. त्यांच्या पत्नी सुमतीबाई आज भेटून गेल्या. नवऱ्याच्या बोटातले चांदीचे वेढे ही खूण सांगितली. कुंकू लावू की पुसू, एवढे कुणीतरी सांगा, म्हणाल्या. मला जेवण गेले नाही. शेजारचे परशुराम मास्तर म्हणाले, आपण दोघे छडा लावू. मला मोठा हुरूप आला.

ता. ८

मास्तरांसह जोडे पाहिले. तळाला चिखलाचा ठिपका नाही. खाडीवर चालत गेलेल्या माणसाचे हे जोडे नव्हेत. मास्तरांनी माझी पाठ थोपटली. त्यांना छाप दाखवली, तर म्हणाले, ही वस्तू आज पहिल्यांदाच हातात घेतो आहे.

सातव्या राशीची छाप मात्र तडकली होती. पुन्हा उठवली.

ता. ११

सातवी रोज तडकते. मीठ मूठभरही कमी नाही. आसपास पाऊल नाही. भेगा बाहेरच्या अंगाला उचललेल्या. गोदा म्हणाली, “आतून कोन तरी ढकलतंय, दादा.” मी हसलो खरा, पण मग त्या राशीकडे पाठ करून उभे राहवेना.

ता. १३

झोप नाही. जेवण अळणी खातो, मीठ तोंडात धरवत नाही.

गोपीनाथांना सहज विचारले, सहदेवरावांच्या मागे छाप कुणाकडे होती. मास्तरांकडे, म्हणाले. गोपीनाथांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी येईपर्यंत राशींची नोंद ठेवून त्यांवर छाप मास्तरच उठवीत होते.

मग माझ्याशी खोटे का—

ता. १४, दुपार

माणसे जेवायला गेली, तशी सातवी रास उकरली. कोपरभर आत माणसाचा हात लागला. बोटात चांदीचे वेढे, सुमतीबाईंनी सांगितले होते तसेच. नखे तुटलेली. म्हणजे पुरले तेव्हा ते जिवंत—

खोपीत बसून लिहितो आहे.

सातवीच्या शेजारी आठवी रास आहे. काल नव्हती. मधोमध पोकळ, माझ्या उंचीएवढी—

मास्तर बांधावरून येत आहेत. हातात फावडे. छाप घेऊन या म्हणतात—

वही गोदाच्या पाटीखाली ठेवतो. जिला मिळेल तिने सुमतीबाईंना सांगावे, की कुंकू