दादाचे फोन माझ्या घरी

रविवार, ३ ऑगस्ट १९९७

आठ वाजून गेले, नऊ वाजले — तेजूचा फोन नाही! दर रविवारी आठच्या सुमारास परभणीच्या बूथवरून करते. नववा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं. तिच्या सासरी फोन नाही. म्हणजे सगळी भिस्त आमच्या या डबड्यावर! नंबर लावून सहा वर्षं बसलो, तेव्हा कुठं गेल्या दिवाळीत आलं.

साडेनऊला वाजला. धावत उचलला. "जय भीम, भिमराव हायेत का?" राँग नंबर म्हणालो.

सोमवार, ४ ऑगस्ट

आज तीन फोन. तिन्ही भिमरावांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला! एकाला विचारलं, कुठला नंबर फिरवला? त्यानं दादाचाच सांगितला. तेव्हा उलगडा झाला. शुक्रवारी कडब्याच्या ट्रॅक्टरनं तारा तोडल्या आणि लाईनमन मोहनरावांनी जोडताना अदलाबदल केली. दादाचे फोन माझ्याकडं, माझे दादाकडं. अख्ख्या शेळगावात यांना आम्ही दोघेच सापडलो!

ही म्हणाली, "थोरल्या भावजींचं घर दोनशे पावलांवर हाय. जाऊन इचारा की, पोरीचा फोन आलता का."

मी म्हणालो, अर्ज करतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

रजा टाकून तालुक्याला गेलो. टेलिफोनच्या खिडकीतले साहेब म्हणाले, "फोन वाजतो का?" म्हटलं, वाजतो. "मग बंद कुठाय? हितं बंदचीच तक्रार घेत्यात."

सत्तावीस वर्षं मुलांना अर्ज लिहायला शिकवतोय मी. विषय, संदर्भ, महोदय — सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी वाचलासुद्धा नाही. शिक्का मारला, तोही उलटा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मोहनराव निरवांगीला गेलेत. ऑफिसात विचारलं, कधी येणार? — "येतील की."

रविवार, १० ऑगस्ट

आठ वाजता फोन वाजला नाही. म्हणजे तिकडं वाजला असणार. वेड्यासारखा दारात जाऊन कान देऊन उभा राहिलो. ही चुलीपुढून बघत होती.

चार वर्षं झाली, दादा आणि मी बोलत नाही. तेजूच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये त्याचं नाव नव्हतं. सगळ्या भावकीला सांगितलं, प्रेसवाल्यानं गाळलं. आज इथं लिहून टाकतो — प्रूफ मीच वाचलं होतं. नाव नाही हे दिसलं होतं. आदल्या महिन्यात विहाराच्या बैठकीत दादानं सगळ्यांदेखत मला गप्प बसवलं होतं, तो राग डोक्यात. म्हटलं, राहू दे तसंच. पोरांच्या वह्यांतली एक वेलांटी न सोडणारा मी!

लग्नाला तो आला. मागं उभा राहून फुलं टाकली आणि न जेवता गेला.

सोमवार, ११ ऑगस्ट

दुसरा अर्ज, रजिस्टर पोस्टानं. तेजूलाही पत्र टाकलं, पण ते पोचायला पाच-सहा दिवस.

दादाचे फोन काही थांबत नाहीत. खताची गाडी, सोसायटीची मीटिंग, कुणाचं काय, कुणाचं काय. आजपासून नियम केलाय. उचलायचा, "भिमराव इथं राहत नाहीत" म्हणायचं, ठेवायचा. पुढचं ऐकायचंच नाही. मी काय त्याचा शिपाई आहे?

बुधवार, १३ ऑगस्ट

ही सांगत आली, "जाऊबाईंच्या घराला कालपास्नं कुलूप हाय. कुठं गेली आसतील वो?"

गेली असतील कुठल्या कार्याला. पण मग तेजूचा फोन आता कुलूपबंद घरात वाजत बसणार! तिसरा अर्ज लिहिला. या वेळी साहेबांना स्पष्ट विचारलंय, माझ्या लेकीचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?

लिहून झाल्यावर तोच प्रश्न बराच वेळ बघत बसलो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं. भाषणात मुलांना सांगितलं, हक्कासाठी अर्ज करत राहा. टाळ्या पडल्या.

घरी आलो तर फोन वाजत होता. काल दोनदा, आज हा. भिमराव इथं राहत नाहीत — ठेवला.

ही धड जेवत नाही. मलाही घास गोड लागत नाही. आता दादाकडं जावं असं मनापासून वाटतंय, तर घराला कुलूप! दहा दिवस उघडं होतं, तेव्हा मी अर्ज लिहीत होतो. मोहनराव येवोत न येवोत, सोमवारी परभणीची एसटी धरायची.

रविवार, १७ ऑगस्ट

आठला वाजला. उचलला. माझं वाक्य सुरू व्हायच्या आत पलीकडून आवाज — "ठिवू नगंस, गंगाराम. भिमाच बोलतोय, परभणीस्नं."

मी हात करून हिला जवळ बोलावलं.

"माझाच नंबर फिरवला. तुझ्याकडं वाजतोय म्हायती होतं. सोमवारी रातच्याला तेजूच्या सासऱ्याचा फोन आला, तसंच निघालो आमी. तुझ्या दारावरनं गेलो, हाक मारायला जीभ उचलली न्हाय. ती चूक माझी. पर इथनं तीनदा फोन केला, तू ऐकूनच घेईनास. नात झाली तुला. लेकीचं लई रगात गेलं, आता बरी हाय. तुझी वहिनी उशाशी बसून हाय."

मी कसंबसं विचारलं, तेजू काय म्हणते?

"रोज इचारती, अण्णा का येईनात. मी सांगितलंय, तुझ्या बापाचा फोन बिघडलाय."