उभ्या काचेची गाडी

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोज लिहायचं. माझी बायको कोरल गेल्याला दोन वर्षं झाली, घरात बोलायला कुत्रा सोडून कोणी नाही, आणि कुत्र्याशी बोलताना माणूस खोटं बोलायला लागतो. वहीत खरं लिहिता येतं.

फाटकाचा खांब पिकअपला पुन्हा लागला. डावा दिवा फुटला. खांब माझ्या बापाने पुरला त्याला सत्तर वर्षं होऊन गेली, आता तो कलला असणार. पण मुख्य दोष पिकअपचा. हल्लीच्या गाड्यांच्या पुढच्या काचा मागे लोळलेल्या असतात. तिरक्या काचेतून जग तिरकंच दिसणार! आमच्या पेटीची काच घराच्या खिडकीसारखी उभी होती. पेटी म्हणजे ८९ सालची चौकोनी डिझेल गाडी, नाव कोरलने ठेवलेलं. पेटीत बसलो की पाऊण मैलावरची मेंढी लंगडते आहे का ते मला कळायचं. २००६ साली ती विकली आणि तेव्हापासून मला दिसणं बिघडत गेलं. हा योगायोग नाही.

ठराव: तसलीच पेटी परत आणायची.

९ फेब्रुवारी

इथे मिळत नाहीत. चांगल्या होत्या त्या शहरातल्या पोरांनी समुद्रावर मिरवायला नेल्या, उरलेल्या कोंबड्यांची घरं झाल्या आहेत. जपानात मात्र आहेत. तिथेही स्टीअरिंग उजवीकडे, आणि ते लोक गाडी देवासारखी ठेवतात.

ब्रिस्बेनला ब्रॉडी म्हणून एक दलाल आहे, तो आणून देतो. फोनवर म्हणाला, मित्रा, पंचवीस वर्षांवरची गाडी आणता येते, पण आधी परवानगीचा कागद, मग जहाज. कागदात घोळ झाला तर गाडी बंदरात अडकते, वर चेचूनही टाकतात. मी म्हटलं, बाळा, तू रांगत होतास तेव्हापासून मी सरकारी फॉर्म भरतोय.

तुवूंबाहून जनेलचा फोन. बाबा, मागची खोली रिकामीच आहे, म्हणाली. म्हटलं, ठेव रिकामी, हवा खेळती राहते. माझी मुलगी, पण वकिलाला लाजवेल इतक्या वेळा तोच मुद्दा मांडते.

हिशेब साधा आहे. १२ ऑगस्टला मला पंचाहत्तर पूर्ण. त्यानंतर डॉक्टरचा दाखला असेल तरच गाडी चालवता येते. दाखला नाही तर गाडी नाही. गाडी नाही तर नव्वद किलोमीटरवरून पीठ, डिझेल आणि मेंढ्यांचं औषध कोण आणणार? म्हणजे मग मागची खोली. पण पेटी जूनमध्ये येईल. पेटीतूनच डॉक्टरकडे जाईन. प्रश्न मिटला.

२ मार्च

उत्तरेकडचं नवं कुंपण नागमोडी झालंय. ठेकेदाराला बोलावून झापलं. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि म्हणाला, बघ, सरळ आहे. मी म्हटलं, तुझी दोरी वाकडी आहे. चहा न घेताच गेला. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली ही माणसं.

११ मार्च

ब्रॉडीने जपानमधल्या लिलावाचा कागद पाठवला. गाडीचं चित्र आणि त्यावर बारीक खुणा. माशी शाईत पडून कागदावरून चालत गेल्यासारखं वाटतं. ब्रॉडीने विचारलं, खालच्या बाजूच्या खुणा पाहिल्यास ना? बर्फाच्या मुलखातली गाडी आहे, तिथे रस्त्यावर मीठ टाकतात. म्हटलं, पाहिल्या. फोटो पाहिलेस? म्हटलं, पाहिले, उत्तम आहे. फोटो धुक्यात काढलेले दिसतात, पण काच उभी आहे हे नक्की. बाकी काय बघायचं?

१९ मार्च, दुपारी

लागली! लिलाव आपल्या नावावर सुटला. कोरलची कॅरॅव्हॅन, आमचं चाकांवरचं घर, त्यासाठी विकली. आत तिचे पडदे होते, ते काढायचे राहिले. असो. तिलाही पेटीच आवडायची.

४ एप्रिल

परवानगीचा फॉर्म भरला. ब्रॉडी म्हणत होता मी भरतो, तू फक्त सही कर. नको म्हटलं. चॅसीचा लांबलचक नंबर भिंगाशिवाय लिहिला. भिंग खिशातच होतं, पण गरज पडली नाही.

जाड टोकाची डझनभर मार्कर पेनं घेतली. बारीक पेनांत हल्ली शाईच घालत नाहीत.

२६ एप्रिल

गावात डोळे तपासणाऱ्यांची फिरती गाडी आली होती. मी पीठ आणायला गेलो होतो, नोएलीनने दंडाला धरून आत नेलं. नोएलीन शेजारीण, बारा किलोमीटरवर राहते, लग्न होऊन आली तेव्हापासून मला हुकूम सोडते. तपासणारी बाई म्हणाली, नजरेचा मधला भाग खराब होतोय, लगेच मोठ्या डॉक्टरांना दाखवा, सुई घेतली तर उरलेलं वाचेल. तिने चौकटी छापलेला एक कागद दिला, फ्रिजवर लावून रोज बघायचा. लावला. छपाई सदोष आहे. मधल्या चौकटी पुसलेल्या, कडेच्या रेषा वाकड्या. असले कागद देऊन लोकांना घाबरवायचं आणि डोळ्यात सुया खुपसायच्या. पेटी आली की बघू.

१८ मे

जहाज निघालं. ब्रॉडी म्हणाला, आता फक्त वाट बघायची. मला ती जमते.

फ्रिजवरचा कोरलचा फोटो उडायला लागलाय. टोपी चांगली दिसते, मागचा समुद्र चांगला दिसतो, चेहराच तेवढा गेला. उन्हामुळे असणार. फोटो काढून कपाटात ठेवला. तिथे तो खराब होणार नाही.

२० जून

गाडी बंदरात अडकली. तिथला माणूस दिवा घेऊन गाडीखाली शिरला आणि चॅसीवरचा नंबर वाचला, तो आणि परवानगीवरचा नंबर जुळेना. मी जिथे तीन लिहिलाय तिथे आठ आहे. दोन ठिकाणी. ब्रॉडीने दोन्ही नंबर मला पुन्हा वाचून दाखवले. मग म्हणाला, मित्रा, घरात कोणी आहे का, तुला वाचून दाखवायला? माझीच चूक झाली, मी ताडून बघायला हवं होतं. म्हटलं, तुझीच चूक. जपान्यांनी नंबर ठोकताना आठ उघडा ठेवला असेल, पण मी कोणाला दोष देणार नाही. नवा कागद यायला महिना लागेल. तोवर गाडी बंदरात उभी.

ठराव: दाखल्यासाठी घेतलेली डॉक्टरकडची तारीख पुढे ढकलली. ७ ऑगस्ट. काळजीचं कारण नाही.

२ जुलै, संध्याकाळी

गावाहून परतलो. रस्ता मोकळा. नोएलीनच्या वळणावर अगदी कडेला पिवळ्या फुलांचं झुडूप उगवलंय, मागच्या आठवड्यात नव्हतं. इथे जुलैत थंडी, या दिवसांत इतकं भरभर काही वाढत नाही. जवळून गेलो तेव्हा त्या झुडपाने शिवी दिल्यासारखं वाटलं. खिडकी उघडी होती, वारा असेल.

३ जुलै

नोएलीन आली. कोपराला पट्टी, गुडघा फुटलेला. काल तिचं टायर पंक्चर झालं होतं. पिवळा शर्ट घालून रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मला दोन्ही हातांनी थांबवत होती. शेवटच्या क्षणी खड्ड्यात उडी मारली म्हणून वाचली.

मी म्हटलं, ऊन डोळ्यावर होतं. ती म्हणाली, अरे रेक्स, म्हाताऱ्या, तू पूर्वेकडे येत होतास, ऊन तुझ्या पाठीवर होतं. म्हटलं, काच तिरकी आहे. ती म्हणाली, काचेचं नाव पुन्हा काढलंस तर ती फोडून तुझ्या ताटात वाढीन. मग खुर्चीत बसली आणि रडायला लागली. पन्नास वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही, ऐकलं.

शेवटी तिने पिकअपची किल्ली खिशात घातली. म्हणाली, हवं ते मी आणून देईन. तुझी ती पेटी येऊ दे, मी शेजारी बसेन, तू आपल्या आवारात चालवून दाखव. दाखवलीस तर मी स्वतः डॉक्टरला सांगेन की रेक्सला दिसतं. नाही दाखवलीस तर दुसरं सांगेन. मी मान्य केलं. इतका सोपा सौदा मी कधी केला नाही.

२२ जुलै

सुटली! खालच्या बाजूला जपानची माती आणि गवताचं बी सापडलं म्हणून दोनदा धुतली म्हणे. धुताना ड्रायव्हरच्या पायाखालचा गंजलेला पत्राही गेला. ब्रॉडी म्हणाला, पाय ठेवतोस तिथून जमीन दिसते, मित्रा. लिलावाच्या कागदावर खूण होती, मी तुला विचारलं होतं. म्हटलं, मी पाहिली होती. पाहिली होतीच. वाचली नव्हती.

पत्रा काय, गावातला कोणीही ठोकून देईल. काच शाबूत आहे का विचारलं. आहे म्हणाला.

५ ऑगस्ट, दुपारी

पेटी आली. ट्रकवरून उतरवली तेव्हा मी दारातच उभा होतो. डिझेलचा तोच वास, दार लावताना तोच धाडकन आवाज. आत बसलो. सीटवर कोणा जपानी माणसाने शिवलेली गादी आहे, बायकोने शिवली असेल. उभी काच. आता सगळं दिसेल म्हणून समोर बघितलं.

काच मळलेली आहे. जहाजावरचं मीठ बसलंय.

६ ऑगस्ट

काच धुतली. बादलीभर पाणी, साबण.

पुन्हा स्पिरिट आणि वर्तमानपत्राने पुसली. आतूनही.

डॉक्टरला फोन करून ७ची तारीख रद्द केली. काच साफ होऊ दे.

८ ऑगस्ट

ब्लेडने खरवडली. हे मीठ हट्टी आहे. तीस वर्षांचं असेल. दुपारी नोएलीनला फोन केला, उद्या ये. आवाजात आत्मविश्वास ठेवला.

९ ऑगस्ट, सकाळी

नोएलीन दहाला आली. तिला म्हटलं, चालवण्याच्या आधी काच तपासू. तू पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहा आणि बोटं वर कर, मी आतून सांगतो. ती गेली. मी नीट बघितलं. म्हटलं, तीन. ती गप्प. म्हटलं, बरं, चार. ओरडलो की चार आहेत, बरोबर ना?

उत्तर माझ्या कोपराजवळून आलं. रेक्स, मी इथे आहे. मी तिकडे गेलेच नाही.

विचारलं, मग टाकीपाशी कोण उभं आहे? म्हणाली, टाकीचा खांब.

म्हटलं, काच अजून मळलेली आहे. ती म्हणाली, तुझी शपथ, काचेत माझ्या सुरकुत्या मोजता येतात इतकी स्वच्छ आहे.

तेव्हा मी बाजूची काच फिरवून पूर्ण खाली केली. तिच्या आणि माझ्या मध्ये काहीच उरलं नाही. ती हातभर अंतरावर होती. टोपीची कड होती, दोन्ही खांदे होते, पिवळा शर्ट होता. मध्ये चेहरा नव्हता. मान वळवली की कान दिसायचा, पुन्हा समोर बघितलं की ती जायची. खूप वेळ बघितलं. तीही हलली नाही, तिने बघू दिलं.

मग मला त्या वळणावरचं झुडूप आठवलं. मी तिला मारलंच होतं. ती उडी मारू शकली म्हणून आज इथे उभी होती, यात माझं काही कर्तृत्व नाही. भीती वाटली. वहीत खरं लिहायचं ठरलं होतं म्हणून लिहितो.

तिला म्हटलं, दुसरं काय सांगणार होतीस डॉक्टरला, ते सांग. किल्ली काढून पुढे केली. ती हवेतच राहिली, मग तिने माझं मनगट धरून घेतली. म्हणाली, उतर. पाय जपून टाक, खाली पत्रा नाही.

११ ऑगस्ट

नोएलीनने डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली. एका डोळ्यातलं थोडं वाचेल कदाचित, असं एप्रिलच्या तपासणीचे कागद बघून त्यांनी तिला फोनवर सांगितलं. एप्रिलमध्ये आला असता तर दोन्हीतलं वाचलं असतं, हेही सांगितलं. ते तिने मला सांगायला नको होतं, पण मी खोदून विचारलं. मेंढ्या ती बघेल. कुत्रा तिच्याकडे जाईल.

संध्याकाळी जनेलला फोन केला. विचारलं, मागची खोली अजून रिकामी आहे का? आहे म्हणाली, आणि बराच वेळ नाक ओढत बसली. मग मला बरं वाटावं म्हणून गाडीचं विचारू लागली. बाबा, आली ना एकदाची? कशी दिसते?

म्हटलं, नोएलीनला विचारून सांगतो.